अंदाज, माप आणि इस्लाह

पालकसभेला आलेल्या अम्मी-अब्बूंच्या तोंडून एक वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. "गणितात बरा आहे, पण ड्रॉइंग काही त्याच्या हातात नाही." मूल शेजारीच उभे असते, मान खाली घालून ऐकत असते. लहानपणी जे मूल पाटीवर, भिंतीवर, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर चित्रे काढत होते, ते सहावी-सातवीला येईपर्यंत थांबते. पुढे एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला नाव द्यायची वेळ येते तेव्हा ते स्वतःच सांगते, "मला नाही जमत." घरात ऐकलेले वाक्य आता त्याच्या मुखी आलेले असते.

या महिन्यात त्या वाक्याचाच विचार करू. रंगांची जाण, नवी कल्पना सुचणे ही अल्लाहची देणगी आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण समोरचा तांब्या जसा दिसतो तसा कागदावर उतरवणे, त्याची उंची-रुंदी, कडेचा कल, तोंडाचा गोल बरोबर येणे, याला अचूकता म्हणतात आणि ती शिकून येते. ती नुसते काढत राहिल्याने मात्र येत नाही. काढलेले मोजावे लागते, कोणीतरी तपासावे लागते आणि चूक कळल्यावर पुन्हा काढावे लागते. या चारांपैकी एक जरी गाळले तरी मेहनत वाया जाते.

भुईकाट्याची शिकवण

आमच्या नामपूरला कांद्याचा मोठा बाजार भरतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे एक नजर टाकून जुना शेतकरी म्हणतो, "बावीस-तेवीस क्विंटल भरेल." ट्रॉली भुईकाट्यावर चढते आणि आकडा बहुधा त्याच्या आसपासच निघतो. ही नजर त्याला कोणी दिली? काट्यानेच दिली. वर्षानुवर्षे त्याने आधी मनाशी एक आकडा धरला, मग काट्यावरचा खरा आकडा पाहिला, आणि दोन्हींतला फरक ध्यानात ठेवला. हाच माणूस आयुष्यभर ट्रॉल्या पाहत राहिला असता आणि काट्याची पावती त्याने कधी वाचलीच नसती, तर त्याचा अंदाज पहिल्या दिवशी होता तिथेच राहिला असता.

आपली मुले चित्रे काढतात, पण ती काट्यावर चढवत नाहीत. चित्र पूर्ण झाले की कोणी "छान" म्हणते, कोणी नाक मुरडते, वही मिटली जाते. किती चुकले, कुठे चुकले, कोणत्या बाजूला चुकले, हे कळतच नाही. मग शंभर चित्रे काढली तरी तीच चूक शंभरदा होते आणि आपण म्हणतो, हातातच नाही.

डोळा कुठे फसतो

चूक हाताची असते असा आपला समज आहे. ज्या हाताने मूल सुईत दोरा ओवते, सायकल चालवते, मेंदीचा कोन धरून बारीक वेल काढते, तो हात रेघ काढण्याइतका तयार असतोच. चूक बहुतेक वेळा पाहण्यात होते.

ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी इब्नुल हैसम या विद्वानाने उलगडून सांगितली. इ.स. 965 च्या सुमारास बसरा शहरात जन्मलेल्या आणि पुढे काहिऱ्यात राहिलेल्या या शास्त्रज्ञाचा 'किताबुल मनाझिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शतकानुशतके अभ्यासला गेला. पाहणे म्हणजे नुसते डोळ्यात प्रकाश शिरणे नव्हे, असे तो सांगतो. वस्तू किती मोठी आहे हे ठरवताना मन आधीच्या अनुभवाचा आधार घेते आणि आपल्या नकळत निवाडा देते. रोजच्या व्यवहारात हा निवाडा उपयोगीच असतो. दूर उभा असलेला माणूस बोटाएवढा दिसला म्हणून आपण त्याला बोटाएवढा समजत नाही. चित्र काढताना मात्र हाच निवाडा आड येतो. मूल दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते.

घरी करून पाहा. काचेचा ग्लास टेबलावर ठेवा आणि मुलाला काढायला सांगा. बहुतेक मुले ग्लासचे तोंड लांबट गोल काढतील आणि तळ सरळ रेघेने बंद करतील. का? ग्लास सपाट टेबलावर उभा आहे, तळ सपाट आहे, हे त्यांना ठाऊक असते. आता नीट पाहायला लावा. आपली नजर ग्लासच्या वर आहे. तोंड लांबट गोल दिसते तसा तळही गोलच दिसतो, आणि तो नजरेच्या आणखी खाली असल्यामुळे तोंडापेक्षा थोडा अधिक भरीव गोल दिसतो. हे एकदा दिसले की मूल तळाला पुन्हा सरळ रेघ मारत नाही.

दुसरा प्रयोग दोन सारख्या काड्यांचा. एक काडी आडवी ठेवा, दुसरी तिच्या मध्यावर उभी करून ठेवा. उभी काडी लांब भासेल. मोजली तर दोन्ही सारख्या. डोळ्याची ही खोड आपल्या सर्वांनाच आहे. म्हणून अंदाजाने काढलेला चौरस पुष्कळदा उंचीला थोडा कमी निघतो. इथे मुलाला नावे ठेवून काय मिळणार? त्याच्या हाती फूटपट्टी द्यावी.

खुशखतीची जुनी रीत

सराव, माप आणि दुरुस्ती ही त्रयी आपल्याला परकी नाही. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबा तख्तीवर लिहायला शिकले, त्यांनी ती ऐकली असेल. लाकडी तख्तीवर माती पोतायची, बोरूचा कलम तासायचा, आणि अलिफ, बे गिरवत राहायचे. या सरावाला मश्क म्हणतात. पण मश्क डोळे मिटून होत नसे. कलमाच्या तासलेल्या टोकाने एक तिरपा चौकोनी ठिपका उमटतो, त्याला कत म्हणतात. अक्षराचे माप या ठिपक्यांत धरायचे. नस्तालीक लिपीत अलिफ तीन कत उंच. अक्षर लिहिले की शेजारी ठिपके मांडून पाहायचे, भरते की कमी पडते. मग उस्ताद येऊन त्यावर खूण करत, कुठे फुगले, कुठे आखडले. ती इस्लाह. इस्लाह घेऊन तेच अक्षर पुन्हा.

अक्षरांना ठिपक्याच्या मापात बांधण्याचे श्रेय परंपरेने इब्न मुक्ला यांना दिले जाते. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या दरबारात ते वजीर होते, इ.स. 940 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. या रीतीची खुबी अशी की ठिपका लिहिणाऱ्याच्याच कलमातून निघतो. कलम जाड असो वा बारीक, माप सोबतच असते. शिकणाऱ्याला उस्तादाची वाट पाहत बसावे लागत नाही. तो स्वतः मोजू शकतो, आणि मोजून जे उमजत नाही तेवढ्यापुरते उस्तादाकडे जातो.

मापाचा आधार घेणे म्हणजे कमीपणा, असे काही मुलांना वाटते. खरा कलाकार हातानेच काढतो म्हणे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी 1525 मध्ये मापाने आकृती काढण्यावर ग्रंथच छापला. त्यातल्या एका चित्रात दोन माणसे लाकडी चौकट आणि ताणलेली दोरी घेऊन एका तंतुवाद्याची आकृती बिंदू-बिंदूने कागदावर उतरवत आहेत. आपल्याकडे सिनेमाची मोठी पोस्टरे हाताने रंगवली जात, तेव्हा छोट्या फोटोवर चौकोन आखून तेच चौकोन मोठ्या फलकावर वाढवून घेण्याची रीत होती. पैठणीचा नमुना विणणारा कारागीर तर एकेक तार मोजतो.

फरकाची वही

आता घरी काय करायचे ते सांगतो. एक साधी वही घ्या. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पण रोज. खर्च पेन्सिल, फूटपट्टी आणि कंपासपेटी एवढाच.

पहिले काम रेघेचे. अम्मीने किंवा मोठ्या भावंडाने फूटपट्टीने एक रेघ ओढून द्यावी, समजा 13 सेंटिमीटरची, पण माप सांगू नये. मुलाने डोळ्याच्या अंदाजाने तिचा मध्य धरून खूण करावी. मग मोजावे. साडेसहावर यायला हवी होती, सहा पूर्णांक आठवर आली. फरक 3 मिलिमीटर, उजवीकडे. एवढेच वहीत तारखेसह लिहावे. रोज अशा पाच रेघा, कधी आडव्या, कधी उभ्या. पुढे रेघेचे तीन भाग पाडायला द्यावेत. मग अंदाजाने 60 अंशांचा कोन काढून तो कोनमापकाने तपासावा.

क्रम चुकवू नका. आधी अंदाज, नंतर माप. आधीच पट्टी लावली तर रेघ बरोबर येईल, पण डोळा काहीच शिकणार नाही.

दहा दिवसांनी वही उघडून फरकांची दिशा पाहा. चूक दोन प्रकारची असते. एक ठरावीक, म्हणजे खूण दरवेळी उजवीकडेच सरकते. दुसरी विखुरलेली, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. ठरावीक चूक दिसली तर खुश व्हा, कारण तिला एखादे कारण असते आणि कारण सापडले की ती जाते. विखुरलेली चूक घाईची किंवा अपुऱ्या सरावाची, तिला वेळ द्यावा लागतो.

आमच्या वर्गातल्या आठवीतल्या एका मुलीची भांडी दरवेळी लांबुडकी निघत आणि वरच्या बाजूला फुगत. हात स्वच्छ, रेघ सुंदर, पण तांब्या सुरईसारखा. तिचे आकडे मांडून पाहिले तर उंची प्रत्येक चित्रात जास्त, एकदाही कमी नाही. म्हणजे चूक ठरावीक. कारण तिच्या बसण्यात निघाले. ती कागद जमिनीवर सपाट ठेवून, समोर वाकून काढत होती. अशा वेळी कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून दूर जातो आणि आखडलेला दिसतो. तो बरोबर दिसावा म्हणून हात तिथे जास्त ओढतो. कागद उभा धरला की सगळे लांब दिसते. तिला एक फळी दिली आणि ती मांडीवर घेऊन मागून उशीचा टेकू लावायला सांगितले, म्हणजे कागद नजरेला समोर येईल. त्यानंतरच्या पानांवर उंचीचा फरक झपाट्याने उतरला. हातात नाही म्हणून सोडून दिले असते तर एका फळीवाचून तिची चित्रकला संपली असती.

वस्तू कशी मोजावी

रेघांचा सराव बसला की वस्तू घ्या. तांब्या, केटली, वाटी, कांदा. वस्तूपासून काही अंतरावर एका जागी बसायचे. पेन्सिल मुठीत उभी धरून हात कोपरात न वाकवता सरळ समोर करायचा, एक डोळा मिटायचा. पेन्सिलीचे टोक तांब्याच्या एका कडेला लावून दुसऱ्या कडेवर अंगठा आणायचा. ही झाली रुंदी. आता तीच लांबी उंचीवर लावून पाहायची, किती वेळा बसते? सव्वा वेळा? दीड वेळा? हात वाकला किंवा जागा बदलली की माप बदलते, म्हणून हात ताठ आणि बैठक एकच. इथेही आधी अंदाजाने हलक्या रेघांत काढून घ्यायचे, मग या रीतीने तपासायचे.

कड सरळ आहे की कलती, हे गवंड्याच्या ओळंब्यावरून शिका. दोऱ्याला लहान दगड बांधून तो डोळ्यासमोर धरला की केटलीची चोच झाकणाच्या किती बाहेर येते ते लगेच दिसते. केटलीचा कान अवघड वाटतो, तेव्हा कान आणि पोट यांच्यामधली मोकळी जागा पाहायला सांगा. त्या पोकळीला नाव नसते, म्हणून तिच्याविषयी मनात आधीपासून ठरलेले काही नसते आणि मूल ती दिसते तशी काढते. शेवटी चित्र आरशात पाहा किंवा उलटे धरा. ओळखीचे चित्र अनोळखी झाले की वाकडेपणा चटकन डोळ्यात भरतो.

चुकलेली रेघ लगेच खोडू देऊ नका. ती फिकट राहू द्या, शेजारी बरोबर रेघ काढा. दोन्हींमधले अंतर मुलाला दिसले पाहिजे. खोडरबराने चूक जाते आणि तिचा धडाही जातो.

कंपासचे एक काम तर स्वतःच इस्लाह करते. वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता वर्तुळावर एका बिंदूपासून पावले टाकत जा. बरोबर सहाव्या पावलाला पहिल्या बिंदूवर परत यायला हवे. कंपास एक मिलिमीटर जरी ढिला होऊन फाकला, तरी सहा पावलांअखेर सहा-सात मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे चूक लपत नाही. या सहा बिंदूंवरून सहा पाकळ्यांचे फूल होते, षटकोन होतो, दोन त्रिकोणांचा तारा होतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला सहलीला गेलात तर तिथल्या संगमरवरी जाळ्यांपुढे मुलाला थोडा वेळ उभे करा. दगडात कोरलेली अशी नक्षी आधी वर्तुळ आणि रेघ यांनी आखली जाते, हे तिथे डोळ्यांनी समजते.

तपासायला चित्रकार लागत नाही

"आम्हाला कुठे येते ड्रॉइंग, आम्ही काय सांगणार?" असे अम्मी म्हणतात. मालेगावला किंवा नाशिकला क्लास लावणे प्रत्येक घराला परवडत नाही, मुलींच्या बाबतीत येण्या-जाण्याचाही प्रश्न येतो. पण ज्या अम्मी कुर्त्याचे माप घेतात, खांद्याचा उतार पाहून कापड बेततात, ज्यांना बाही अर्धा इंच चढली तर दुरून दिसते, त्यांना तपासता येत नाही असे कसे म्हणावे? सुतारकाम करणारे मामू गुण्या लावून चौकटीचा कोन पाहतात. गवंडीकाम करणारे अब्बू ओळंबा धरतात. चित्र तपासायला हीच नजर पुरते.

तीन गोष्टी मात्र पाळाव्यात. आधी मुलालाच विचारावे, "तुला कुठे चुकल्यासारखे वाटते?" स्वतः शोधलेली चूक जास्त दिवस लक्षात राहते. मग एका वेळी एकच चूक दाखवावी, आणि ती मापात दाखवावी. "हे काय काढलेस" यातून मूल फक्त लाजते. "तांब्याची मान किती रुंद आहे, पेन्सिलीने बघ बरे" यातून ते उठून मोजते. "छान" म्हणायचे तर काय छान ते सांगावे, "आज तळ गोल आला." आणि तपासणी त्याच दिवशी व्हावी. आठवड्याने दाखवलेली चूक मुलाला दुसऱ्या कोणाची तरी वाटते.

हे सगळे कशासाठी

आपल्या राज्यात कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा घेते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे भाग असतात, आणि इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. पण गुण हा लहान फायदा आहे. विज्ञानाच्या पेपरात प्रमाणबद्ध आकृती मागतात. आयटीआयला आरेखकाचा अभ्यासक्रम आहे. शिवणकाम, सुतारकाम, फॅब्रिकेशन, घराचा नकाशा, साडीची नक्षी, या सर्वांत डोळ्याने बरोबर मापणारा माणूस पुढे जातो. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची सुरुवात 1857 मध्ये झाली. त्याचे दरवाजे नामपूरच्या मुलीलाही उघडे आहेत, फक्त सातवीतच तिने पेन्सिल खाली ठेवलेली नसावी.

काही घरांत सजीवांची चित्रे काढू देत नाहीत. त्या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. वर सांगितलेला सगळा सराव तांब्या, केटली, पान, जाळी आणि अक्षर यांवर होतो. तेव्हा या कारणावरून मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायची गरज नाही.

हा अंक हाती आला त्याच दिवशी वहीचे पहिले पान काढून घ्या. पाच रेघा, एक ग्लास, फरकाचे आकडे आणि तारीख. ते पान फाडू नका, सुधारूही नका. चाळीस दिवसांनी तीच कामे नव्या पानावर करून घ्या आणि दोन्ही पाने मुलापुढे शेजारी-शेजारी ठेवा. आकडे मुलाला स्वतः वाचू द्या. इन्शाअल्लाह, त्यानंतर त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.